ओहोटीच्या वेळची सुनावणी

"मी बादलीवाला आहे म्हणे," ऑरिन क्रॉली म्हणाला आणि त्यानं शिणाण्यांची, खडकावरच्या काळ्या शिंपल्यांची, ओली पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

मी आधीच्या नमुन्याचं मांस तोलत होते, त्यामुळे लगेच वर पाहिलं नाही. पिशवीवरच्या चिठ्ठीत खाजणाचं, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्याचं, नाव, वेळ आणि पाण्याचं तापमान नेहमीसारखं सुवाच्य अक्षरात होतं.

"कोण म्हणतं?"

"पेन्शन मंडळ. 'सदर कर्मचाऱ्यांचे मुख्य काम शिंपल्यांचे नमुने गोळा करणे व सूचनाफलक लावणे हे असल्याने…' पुढचं नडीन वाचेल. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा लावून वाचवत नाही."

नडीन फ्रॉस्ट दारातच उभी होती. ती त्याच्याच तुकडीतली, त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान. "पुढे काही नाही," ती म्हणाली. "पोलीस नाही, एवढंच. विशेष योजनेत घेता येत नाही. कळावे."

राज्यात शिंपला-गस्तीचे एकूण अकरा जण. सगळे पोलीस प्रशिक्षण घेतलेले, कमरेला पिस्तूल, अटकेचा अधिकार कायद्यानं दिलेला. किनाऱ्यावर विषारी शेवाळाचं लाल पाणी आलं की शिंपल्यांच्या मांसात विष साठतं. उकळून जात नाही, तळून जात नाही. आधी ओठांना मुंग्या येतात आणि मग श्वास अडतो. ते विष मोजणं माझं काम. माझा आकडा मर्यादेच्या वर गेला की खाजण बंद होतं, आणि बंद म्हणजे खरोखर बंद हे बघणं गस्तीचं काम. सागरी पोलीस, वनरक्षक, तुरुंगातले पहारेकरी हे सगळे विशेष पेन्शन योजनेचे सभासद आहेत. पंचवीस वर्षं भरली की वय कितीही असो, अर्ध्या पगारावर घरी जाता येतं. शिंपला-गस्त मात्र सुरुवातीपासून आरोग्य खात्याकडे, म्हणून ती आम्हा प्रयोगशाळावाल्यांच्या आणि कारकुनांच्या रांगेत. पासष्टाव्या वर्षापर्यंत नोकरी.

मी पासष्टाव्या वर्षापर्यंत स्टुलावर बसू शकते. ऑरिन सत्तावन्नाचा होता, त्याची पंचवीस वर्षं कधीच भरली होती, आणि त्याचं काम कमरेएवढ्या चिखलात चालायचं. एप्रिलमध्ये त्याचा उजवा गुडघा फाटला. डॉक्टरनं सांगितलं होतं, हा शेवटचा हंगाम. सभासदत्व मिळालं नाही तर मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून पेन्शन कापली जाणार होती, इतकी की हिवाळ्यात घर तापवायचं तेलही त्यात भागलं नसतं. त्याच्यामागे उरलेले दहाजण त्याच वाटेवर होते.

मंडळानं जूनमध्ये पाहणीला एक माणूस पाठवला होता. प्रॅट त्याचं नाव. सभ्य माणूस, पांढरे बूट घालून आला. दिवस नेमका असा निघाला की धुकं नाही, वारा नाही. प्रॅटनं जे पाहिलं ते असं: ऑरिननं खडकावरचे शिणाणे बादलीत काढले, धक्क्यावर लाल पाटी ठोकली, आणि मग उलट्या होडीवर बसून एका म्हाताऱ्याबरोबर कॉफी प्यायली. वर त्यानं ऑरिनच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतली चलानं मागवली. ती बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

यात प्रॅटची चूक म्हणता येणार नाही. आमच्या किनाऱ्याची रीत त्याला कुणी सांगितलीच नव्हती. बंद खाजणात कुणी खणताना सापडला तर गस्तवाला एकच शब्द म्हणतो, "पसर." मग त्या माणसानं टोपलीतली एकूणएक शिंपली चिखलावर परत पसरायची, ढीग न करता, सुटी सुटी, म्हणजे ती पुन्हा खाली शिरते आणि जगते. गस्तवाला शेवटची शिंपली पडेपर्यंत उभा राहतो. लिहीत काही नाही. चलान फाडलं की परवाना निलंबित होतो, आणि परवाना गेला की त्या घरात हिवाळा कसा निघतो हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ऑरिनच्या आधीचे असंच करायचे, ऑरिनही तेच करत आला. कागदावर मात्र त्याचा अर्थ इतकाच निघत होता की या माणसानं आयुष्यात कुणाला अडवलेलंच नाही.

अपिलाची सुनावणी बकल्स हार्बरला, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ठेवली. गुरुवारी सकाळी दहाला. लोकांनाही बोलता येईल असं पत्रात होतं.

मी भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं. गुरुवारची पूर्ण ओहोटी साडेदहाला होती.

"म्हणजे खणणारे सगळे खाजणात," नडीन म्हणाली. "मुद्दाम ठेवली असणार."

"मुद्दाम ठेवायला आधी ओहोटी म्हणजे काय ते कळायला लागतं," ऑरिन म्हणाला. "राजधानीत पाणी नळालाच येतं."

"आपण कुणाला सांगायचं का? दोघंतिघं तरी येतील."

"काय सांगणार? या, आणि आम्ही कायदा मोडला असं माइकवर बोला? कुणालाही काही सांगायचं नाही, नडीन. बजावून ठेवतो."

बुधवारी दुपारी गोष्ट आणखी अवघड झाली. गूज खाजण सहा आठवडे बंद होतं. आमच्या भागातलं ते सगळ्यात मोठं खाजण, चाळीसेक घरं त्यावर चालतात. तिथला नमुना मर्यादेखाली आला. त्याआधीचाही आला होता. लागोपाठ दोन नमुने स्वच्छ आले की खाजण उघडायचं, असा नियम आहे. मी यंत्र पुन्हा चालवलं. आकडा तोच होता. म्हणजे गुरुवारी सकाळची ओहोटी ही सहा आठवड्यांतली पहिली कमाईची ओहोटी ठरणार होती.

नडीन माझ्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे बघत होती.

"रूथ," ती हळूच म्हणाली, "हा आकडा उद्या दुपारी आला तर?"

"आज आला आहे."

"एका ओहोटीचा तर प्रश्न आहे."

मी काही बोलायच्या आत ऑरिन दारातून म्हणाला, "तो दाबून ठेवलास ना रूथ, तर उद्या मला स्वच्छ खाजणावर उभं राहून माणसांना 'पसर' म्हणावं लागेल. ते काही मी करायचो नाही. उघड."

मी सही केली. संध्याकाळच्या रेडिओवर खाजण उघडल्याची बातमी गेली. शेवटी एका ओळीत सुनावणीचीही गेली. ती कुणी दिली हे मला आजही माहीत नाही.

गुरुवारी हॉलमध्ये साठेक खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या पन्नासवर रिकाम्या होत्या. पुढे टेबलामागे मंडळाचे पाच जण. अध्यक्षा हॅस्केलबाई, आधी न्यायाधीश होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. कडेला प्रॅट. या वेळी बूट काळे होते. स्वयंपाकघरातून भाजलेल्या घेवड्याचा आणि काकवीचा वास येत होता, कारण संध्याकाळी तिथे गावजेवण होतं. खिडकीतून खाडीपलीकडचं गूज खाजण दिसत होतं. त्यावर खणणाऱ्यांचे काळे ठिपके वाकलेले होते. सहा आठवड्यांनी वाकलेले ते ठिपके बघून मला बरं वाटलं, आणि आता इकडे कुणी येणार नाही हेही कळलं.

आधी मला बोलावलं.

"डॉक्टर," हॅस्केलबाईंनी विचारलं, "या अधिकाऱ्यांमुळे किती माणसं वाचली, असं तुम्ही सांगू शकता का?"

"नाही."

ऑरिनच्या बाजूला बसलेल्या नडीननं डोळे मिटून घेतले.

"अंदाजे?"

"अंदाजही देता येणार नाही. जी शिंपली यांनी परत चिखलात टाकायला लावली ती माझ्यापर्यंत आलीच नाही, आणि दवाखान्यातही पोचली नाही. न घडलेल्या गोष्टी मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. बंद खाजणातल्या मांसात किती विष होतं एवढं मी सांगू शकते." मी ते सांगितलं. एका वाटीभर मांसात काय झालं असतं तेही सांगितलं. टेबलामागच्या एका गृहस्थांनी समोरची कॉफी थोडी लांब सरकवली.

मग प्रॅट उठला. "यांच्या कामाचं महत्त्व कुणी नाकारत नाही," तो म्हणाला. "प्रश्न एवढाच आहे की मुख्य काम माणसं पकडणं आहे का. अटकेचा अधिकार आहे, मान्य. पण तो वापरलेला दिसत नाही. एप्रिलमधली दुखापतसुद्धा, श्री. क्रॉली यांच्याच अर्जानुसार, 'खाजणात घसरून' झालेली आहे. घसरायला पोलीस असावं लागत नाही."

कुणीतरी हसलं. ऑरिन हसला नाही. हॅस्केलबाईंनी त्याला विचारलं, काही सांगायचंय का. तो उठला, गुडघ्याचा हिशोब करत हळूहळू, आणि म्हणाला, "आम्ही आमचं काम करतो, मॅडम. बाकी कागदावर आहे ते आहे." आणि बसला.

नडीन दातओठ खात पुटपुटली, "शाब्बास. हे भाषण वर्षभर घोकत होतास का?"

हॅस्केलबाई चष्मा उतरवून म्हणाल्या, "नागरिकांपैकी कुणाला बोलायचं आहे?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाजण रिकामं होतं.

ओहोटी पूर्ण लागलेली होती, चिखल दूरवर चकाकत होता, आणि त्यावर एकही ठिपका नव्हता. मला क्षणभर वाटलं, काही अपघात झाला. तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारं आपटल्याचे आवाज आले. एकामागून एक, बराच वेळ.

सगळ्यात आधी थेल्मा कार्व्हर आत आली. साठीची बाई, मांडीपर्यंत रबरी बूट, हातात शिंपली उकरायचं दाताळं तसंच. मागे तिचे भाऊ, भाचे, शेजारी, पलीकडच्या धक्क्यावरचे, ज्यांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलणं नाही असेही. सगळे कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर काळे ठसे उमटत गेले. खुर्च्या भरल्या, मग भिंती भरल्या.

"ते हत्यार बाहेर ठेवता का?" प्रॅट म्हणाला.

"हत्यार नाही रे बाबा, हे पोट आहे माझं," थेल्मा म्हणाली, पण दाताळं तिनं दाराला टेकवून ठेवलं. मग ऑरिनकडे वळून, "मेल्या, सांगायला तोंड नव्हतं तुला? रेडिओवरनं कळायचं होय आम्हाला?"

"थेल्मा, ओहोटी चालली आहे," ऑरिन म्हणाला. "खाजण उघडलंय. जा."

"ओहोटी दिवसातनं दोनदा येते. हा कोल्बी सकाळपासून चिखल तुडवत माणसामाणसाजवळ जाऊन ओरडत होता. त्याचं ऐकल्याशिवाय खणू देईना." तिनं मागे अंगठा दाखवला. कोल्बी ड्रिस्को, पंचविशीचा, उंच, टोपी हातात चुरगाळत दारापाशी उभा होता.

हॅस्केलबाईंनी थेल्माला पुढे बोलावलं. नाव, गाव झालं.

"क्रॉलींनी तुम्हाला कधी अडवलं होतं?"

"बरेचदा. तारखा जुन्या आहेत, मॅडम. आता त्यावर दंड करता येत नाही, मी येण्याआधी विचारून घेतलं."

हॉल हसला. हॅस्केलबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"चलान केलं?"

"नाही. 'पसर' म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"पसरलं. दोन टोपल्या. कंबर मोडेस्तोवर. हा उभा, ढिम्म. मी म्हटलं, ऑरिन, तुझ्या आईला मी ओळखते. म्हणाला, तिचा निरोप आहे, ती कोपऱ्यातली राहिली, तीही पसर."

प्रॅट म्हणाला, "पण यात अटक कुठे आहे? लेखी काहीच नाही."

"तुला अटक कशाला म्हणतात, बाळ?" थेल्मा त्याच्याकडे वळली. "मी चिखलात, मागनं पाणी चढतंय, आणि किनाऱ्याच्या वाटेवर हा पिस्तूल लावून उभा. तो म्हणेपर्यंत मला हलता येत नव्हतं. माझ्या दोन्ही नवऱ्यांना हे जमलं नाही."

हशा ओसरेपर्यंत हॅस्केलबाई काहीतरी लिहीत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. "न्यायालयात मी अटकेची हीच व्याख्या वापरत असे, श्री. प्रॅट. माणसाला निघून जायची मोकळीक होती का, एवढंच. पण हे जुनं आहे. अलीकडचं काही?"

अलीकडचं म्हणजे ज्यावर परवाना जाऊ शकतो ते. माणसं बुटांकडे बघायला लागली. मी त्यांना दोष देत नाही.

"माझं आहे," कोल्बी म्हणाला.

"कोल्बी, बस," ऑरिन म्हणाला.

"एप्रिलमधलं. तेव्हाही गूज खाजण बंद होतं. मी धुक्यात गेलो होतो."

"अरे बस म्हणतोय ना!"

"नाही बसत." तो पुढे आला. "यांनी हाक मारली आणि मी पळालो. सरळ समुद्राकडे, मऊ चिखलातनं. वाटलं, म्हातारा येणार नाही. पण आले. मग मागे ओरडणं ऐकू आलं. यांचा पाय रुतला होता मांडीपर्यंत, आणि गुडघा उलट फिरला होता. भरती लागली होती. मी परत आलो, फळी घातली खाली, काढलं ओढून."

"आणि मग?" हॅस्केलबाईंनी विचारलं.

"मग मी म्हटलं, चला दवाखान्यात. तर हे चिखलात बसल्या बसल्या म्हणाले," कोल्बीचा आवाज फाटला, "म्हणाले, 'पसर आधी.'"

आता हसण्याचा जो आवाज झाला त्यात रडणंही मिसळलेलं होतं. मीही चष्मा पुसला.

"श्री. क्रॉली," हॅस्केलबाई म्हणाल्या, "तुम्ही अर्जात घसरलो असं लिहिलं आहे."

ऑरिन उठला. "घसरलोच, मॅडम. कशामागे पळत होतो ते अर्जात विचारलं नव्हतं."

"हा मुलगा म्हणतो ते खरं आहे?"

त्यानं कोल्बीकडे पाहिलं. हो म्हटलं तर त्या पोराचा परवाना, आणि नाही म्हटलं तर स्वतःचं सगळं.

"खरं आहे," तो म्हणाला. "यानं मला ओढलं नसतं तर मी आज इथे नसतो. तेही लिहून घ्या."

"मग करा चलान," कोल्बी म्हणाला. "आत्ता. मुदतीत आहे. साहेब, पुस्तक असेल ना खिशात? मंडळाला कागद हवाय, तर द्या कागद."

"माझ्या पेन्शनसाठी मी कुणाचं चलान फाडणार नाही," ऑरिन म्हणाला. "या जन्मी नाही."

"ठीक आहे," नडीन उठली. तिनं छातीच्या खिशातून चलान पुस्तक काढलं. "गुन्ह्याची कबुली माझ्यासमोर झाली आहे, आणि मीही शिंपला-गस्तीची अधिकारी आहे. ड्रिस्को, परवाना दाखव."

त्यानं दाखवला. ती टेबलाच्या कडेवर टेकून लिहू लागली. कोल्बीनं सही केली, प्रत घडी करून टोपीत ठेवली. लगेच भिंतीपाशी एक दाढीवाला म्हणाला, "माझंही लिही, नडीन. मेमधलं." दुसरा म्हणाला, "आणि माझं. मी तर त्यांना शिव्याही दिल्या होत्या, त्याचा वेगळा कागद होतो का?" मग तिसरा. हात वर येत राहिले, चिखलानं काळे झालेले हात.

"आणि मला का नाही?" थेल्मा ओरडली. "जुनं झालं म्हणून किंमत नाही होय?"

हॅस्केलबाईंनी टेबलावर तळहात आपटला. "पुरे! हे निवृत्तिवेतन मंडळ आहे, पोलीस ठाणं नाही." मग त्यांनी प्रॅटकडे पाहिलं. "तुम्हाला काही विचारायचंय?"

प्रॅट उठला. चिखलाच्या ठशांकडे, मग ऑरिनच्या गुडघ्याकडे पाहिलं. "माझा अहवाल एका दिवसाचा होता," तो म्हणाला. "मी तो मागे घेतो." हे म्हणायला बळ लागतं. पुढे मी त्याच्याबद्दल कुणाला वाईट बोलू दिलं नाही.

पाच जणांनी माना जवळ आणून बोलायला फार वेळ घेतला नाही. हॅस्केलबाईंनी निर्णय वाचला: शिंपला-गस्तीचे सर्व अधिकारी विशेष योजनेचे सभासद होतील, आणि त्यांची मागची सेवा पूर्ण धरली जाईल. पाचही मतं बाजूनं.

"मागची सेवा पूर्ण" हे शब्द मी ऐकले, त्यापुढचं काही ऐकू आलं नाही. बुटांच्या टाचा फरशीवर आपटत होत्या, कुणी खुर्ची उचलून धरली होती, थेल्मानं नडीनला मिठी मारून तिचा गणवेश पुरता काळा केला. स्वयंपाकघरातल्या बायका डाव हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आता थांबाच सगळे, घेवडा संध्याकाळसाठी ठेवला होता पण आत्ताच वाढतो. ऑरिन मधोमध उभा होता आणि जो येईल तो त्याच्या पाठीवर थाप मारून जात होता. त्याच्या पाठीवर किती पंजे उमटले ते मोजायचा मोह मला झाला. मोजले नाहीत.

कोल्बीचा परवाना महिनाभरासाठी गेला, नडीननं नंतर ज्यांची चलानं लिहिली त्यांचेही थोडेथोडे दिवस गेले. त्या महिन्यात मी कोल्बीला नमुने आणायला ठेवलं. त्याच्या पिशव्यांवरचं अक्षर भयंकर होतं.

जेवण झाल्यावर सगळे बाहेर पायऱ्यांवर उभे होते. पाणी चढलं होतं, गूज खाजण दिसेनासं झालं होतं, आणि त्या दिवसाची अर्धी कमाई खाली बुडाली होती. कुणी त्याचं नाव काढलं नाही.

"हंगाम संपला की घरी तू," थेल्मा ऑरिनला म्हणाली. "मग आमची चंगळ. आता कोण अडवणार आम्हाला?"

"मी," नडीन म्हणाली.

"तू? किती दिवस?"

"पंचवीस वर्षं भरेपर्यंत," नडीन म्हणाली. "आणि मग धडक्या गुडघ्यांनी घरी जाईन."

ऑरिन हसला. इतकं मोठ्यानं हसताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मग तो कठड्याला धरून, एक पायरी, थांबून दुसरी पायरी, असा त्याच्या गाडीकडे उतरू लागला, आणि वाटेत उभे असलेले सगळे बाजूला होऊन त्याला वाट देत गेले.